भिंतीपलीकडची तडतड

दुपार कलली होती, पण उन्हाला अजून ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. हवा जागची हलत नव्हती. जिन्याचा लोखंडी कठडासुद्धा घामेजला होता, आणि मिस्त्री त्यालाच धरून वर चढत होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, बगलेत घडीची शिडी. सकाळपासून ज्या ज्या घरात त्याने पाऊल ठेवलं, त्या प्रत्येक घराने त्याला एकाच शब्दाने बोलावलं होतं: तातडीने. उन्हाळ्याच्या या टोकाला लोकांकडे दुसरा शब्दच उरत नाही. आरंभीच्या वर्षांत त्या शब्दाने त्याची पावलं झपझप पडत. आता तो शब्द ऐकला की गुडघे आधी दुखत.

दार उघडलं ते घरच्या सुनेने. तिच्या डोळ्यांखाली जागरणं साचून काळी पडली होती.

"या. सासऱ्यांच्या खोलीतला एसी आहे," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून वारा येत नाही, नुसतं पाणी गळतंय. त्यांना उकाडा सोसत नाही. बाहेर येऊन बसा म्हटलं, तर ऐकत नाहीत."

"म्हातारी माणसं खोली सोडत नाहीत, ताई."

"खोली नको सोडू देत. हट्ट तरी सोडावा माणसाने."

घर लहान होतं. एका मोठ्या खोलीत प्लायवूडची भिंत उभी करून दोन खोल्या केल्या होत्या. अलीकडची सुनेची, पलीकडची सासऱ्यांची. नवरा दूर कुठे बंदरावर नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा येणारा. घराची एवढी माहिती तिने चालता चालता दिली आणि दार लोटलं.

म्हातारा खाटेच्या कडेवर बसला होता. अंगात बनियन, खांद्यावर ओला टॉवेल, एक हात पोटाशी. भिंतीवरच्या एसीखाली बादली ठेवली होती आणि तिच्यात थेंबाथेंबाने पाणी पडत होतं.

"आलात?" तो म्हणाला. "मला वाटलं, आता थंडीतच येताय."

"थंडीत आम्हाला कोण विचारतं, काका?"

"खरंय. थंडीत मलाही कुणी विचारत नाही."

सून हसली नाही. पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवून ती आपल्या खोलीत गेली. मिस्त्रीने शिडी उघडली, एसीचं तोंड उचललं, जाळ्या काढल्या आणि क्षणभर तो नुसता बघत राहिला. आतल्या नळ्यांवर बर्फ धरला होता. पांढरा, जाड, दाणेदार; जणू कुणाच्याही वाट्याला न आलेला एक हिवाळा त्या प्लास्टिकमागे येऊन दडून बसला होता.

"बघा काका. इथे बर्फ, आणि तुम्ही खाली शिजताय."

"माझ्या उशाशी एवढा ऐवज, आणि मला पत्ता नाही," म्हातारा मान वर करून म्हणाला. "कशाने होतं हे?"

"आतलं चाक अडकलंय. वारा फेकतं ते. गारव्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो आतल्या आत गोठतो. आता हे सगळं वितळेपर्यंत हात लावता येणार नाही."

बटण बंद करून तो शिडीच्या पायरीवर बसला. बर्फाचे तुकडे सुटून बादलीत पडू लागले. म्हाताऱ्याने त्यातला एक वाकून उचलला आणि मानेवर धरला. वाकताना त्याचा चेहरा असा आवळला गेला, की मिस्त्रीने नजर दुसरीकडे नेली. दुसऱ्यांच्या घरात शिरायचं तर डोळे थोडे मिटूनच शिरावं लागतं. नाहीतर दिवसाअखेरीस हत्यारांच्या पिशवीपेक्षा पाहिलेल्या गोष्टी जड होतात.

बर्फ ओसरल्यावर त्याने बॅटरी दातांत धरली, चिमटा आत घातला आणि चाकाच्या पात्यांत रुतलेली वस्तू हळूहळू ओढून काढली. फाइलच्या कव्हरासारख्या प्लास्टिकची पट्टी होती ती. बोटभर रुंद, वीतभर लांब.

"हे इथे कसं आलं?"

"जुनं मशीन आहे," म्हातारा म्हणाला. "निघत असेल काहीबाही."

"मशीनला पट्टी कापता येत नाही, काका. कडा बघा, आखून कापल्यासारख्या."

म्हाताऱ्याने भिंतीकडे, मग दाराकडे पाहिलं. "छापखान्यात कागद कापण्यात जन्म गेला," तो आवाज खाली आणून म्हणाला. "वाकडं कापताच येत नाही. तिथेच सापडलो."

खाटेच्या उशाशी कपडे वाळत घालायची लांब काठी टेकवून ठेवलेली होती. तिच्या टोकाला खाच पाडली होती. मिस्त्रीने काठीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि त्याला लहानपणी सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवून केलेली फटफटी आठवली. पट्टी खाचेत बसवायची, काठी खाटेला टेकवून टोक एसीच्या तोंडाशी न्यायचं, की फिरणाऱ्या पात्यांवर ती तडतडत राहणार.

"कशासाठी पण?"

"रात्री दुखतं." म्हाताऱ्याने पोटावरचा हात उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "दुखतं म्हणजे, कुणीतरी आत बसून फडकं पिळावं तसं. तोंड दाबून धरतो, उशी चावतो, तरी आवाज निघतोच. ते काही माणसाच्या हातात नसतं. आणि ही प्लायवूडची भिंत. तिकडे कूस बदलली तरी इकडे कळतं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. कळायचं ते कळलंय. हिच्या सासूचंही असंच सुरू झालं होतं, याच खाटेवर." त्याने खाटेच्या दांडीवरून बोट फिरवलं. "सगळं हिने केलं. अंघोळ, औषधं, रात्री-अपरात्रीची उठबस. तोंडातून कधी ब्र काढला नाही. वर्ष होत नाही त्याला, आता कुठे पोरीच्या डोळ्याला डोळा लागायला लागलाय. एका बाईने एकाच खोलीत तेच ते किती वेळा करायचं, सांगा बघू. मी तिला सांगून टाकलं, मला छापखान्याची सवय, आवाजाशिवाय झोप येत नाही. तिने ऐकून घेतलं. साधी आहे."

मिस्त्रीने चिमटा पुसून पिशवीत टाकला. अशा वेळी काहीतरी बोलावं, असं त्याला वाटलं. पण दिवसभराच्या घामाबरोबर त्याच्यातले शब्दही निथळून गेले होते.

"एक काम करा," म्हातारा म्हणाला. "पट्टी आत जाणार नाही अशी काहीतरी सोय करून द्या."

"पट्टी नकोच. मोटर जळेल एखाद्या दिवशी." तो थोडा थांबला. "पुढच्या झाकणाचा स्क्रू ढिला ठेवतो. झाकण थरथरत राहील. मशीनला इजा नाही, तुम्हाला काठी उचलायला नको."

"म्हणजे आपोआप?"

"आपोआप. मशीन चालू आहे तोवर."

"मग तुम्ही देवमाणूस."

"देवमाणूस असतो तर शिडी कशाला लागली असती?" मिस्त्री म्हणाला, आणि स्क्रू फिरवला.

यंत्र सुरू झालं. झाकण थरथरू लागलं. सुकलेल्या शेंगा हलवाव्यात तशी बारीक, एकसारखी तडतड खोलीभर पसरली, आणि तिच्यामागून, बराच वेळ कुठेतरी रेंगाळून आल्यासारखा, गारवा आला. म्हाताऱ्याने डोळे मिटले. मिस्त्रीने शिडी मिटून दाराबाहेर टेकवली, हत्यारं आवरली आणि काळवंडलेले हात पुढे धरून तो मोरी शोधत सुनेच्या खोलीपाशी आला.

ती खोलीत उभी होती. तळहात प्लायवूडवर टेकवलेला.

"आत्ता दुखतंय का त्यांना?" तिने विचारलं.

मिस्त्रीचे हात तसेच राहिले.

"नाही. बसलेत आरामात."

"मग वाजतंय कशाला?"

त्याची नजर खोलीत गेली. तिची खाट बरोबर त्या भिंतीला चिकटवून होती. उशीही भिंतीच्या बाजूला. शेजारच्या स्टुलावर गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि तिच्यावर नीट घडी घातलेला नॅपकिन.

"त्यांना वाटतं, मला कळत नाही," ती म्हणाली. सांगायला कुणीतरी भेटल्याची सुटकाही तिच्या आवाजात नव्हती, इतकी ती दमली होती. "सासूबाई गेल्या त्या खोलीत मी वर्षभर वावरले. माणूस कसा श्वास दाबतो, ते मला शिकवायला नको. काठी लागली, तडतड सुरू झाली, की मी उठून बसते. थांबली, की समजते, ओसरलं. मग आडवी होते."

"मग आत का जात नाही?"

"गेले, तर तेही थांबवतील. मग मला काहीच कळणार नाही." तिने हात भिंतीवरून काढला. "काल रात्री आवाजच आला नाही. वारा बंद, काठी बंद. एवढ्या शांततेत साधं कण्हणंही नाही. तोंडात उशी धरून पडून राहिले असणार. मी पहाटेपर्यंत इथे बसून होते. एकदा वाटलं, दार ढकलावं. मग वाटलं, ढकललं आणि..." ती थांबली. "उजाडल्याबरोबर फोन लावला तुमच्या ऑफिसला. तातडीने या म्हटलं."

सकाळपासून त्या शब्दाचा वीट आला होता. आता तो त्या बाईच्या तोंडी ऐकून मिस्त्रीला आपल्या कपाळावरचा घाम नको तितका जाणवला.

"मी स्क्रू ढिला ठेवलाय," तो म्हणाला. "त्यांनीच सांगितलं. आता ते रात्रंदिवस वाजेल."

तिने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे झाकण इमानाने तडतडत होतं.

"मग मी काय ऐकू?" ती म्हणाली.

हा प्रश्न त्याला नव्हता, हे त्याला कळत होतं. हात धुवावेत, शिडी उचलावी आणि खाली उतरावं, एवढंच त्याच्याकडे होतं. खोली थंड करून दिली होती. माणसांचं काय ते माणसांनी बघावं. तो मोरीपर्यंत गेलासुद्धा. नळ सोडला, आणि हात न धुताच पुन्हा बंद केला.

परत आत गेला तेव्हा म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "काही राहिलं?"

मिस्त्रीने पुन्हा शिडी लावली, वर चढला आणि स्क्रू घट्ट पिळला. तडतड तुटली. उरली ती फक्त वाऱ्याची बारीक, सपाट सळसळ. खोली एकाएकी मोठी वाटू लागली.

"अहो," म्हातारा उठून बसला. "आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं."

"मग?"

"त्यांना माहीत आहे, काका. पहिल्यापासून." त्याने शिडीवरूनच सांगितलं, कारण खाली उतरून समोरासमोर सांगायचं त्राण नव्हतं. "तुमचं वाजायला लागलं, की त्या उठून बसतात. थांबलं, की मगच पाठ टेकतात. काल वाजलं नाही, तर रात्रभर बसून होत्या. भिंतीला कान लावून."

म्हाताऱ्याने काठीकडे पाहिलं. मग त्या भिंतीकडे, जिच्यापलीकडे आता खाट किंचित करकरली आणि पुन्हा स्तब्ध झाली. त्याचे ओठ हलले, पण ते कुणासाठी नव्हते.

"मला वाटलं, मी तिला झोपू देतोय," तो शेवटी म्हणाला.

मिस्त्री खाली उतरला. पिशवीची चेन लावली. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, रागावेल, निदान त्याला तरी बोल लावेल, अशी तो वाट पाहत होता. आणि तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"सूनबाई," म्हाताऱ्याने हाक मारली. आवाज चढवला नाही. त्या भिंतीला तशी गरजच नव्हती.

ती दारात आली. हातात रबरी पिशवी होती, आणि ती लपवायची की नाही, हे तिचं ठरलेलं दिसत नव्हतं.

"बाबा?"

"ये. बस जरा." तो सरकला आणि खाटेवर तिच्यापुरती जागा झाली. "गार झालंय इथे."

ती बसली. पिशवी तिने त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उचलून पोटाशी धरली, आणि मग इतके दिवस आत कोंडलेलं ते बारीक कण्हणं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. त्याने या वेळी ते अडवलं नाही. तिने मान फिरवली नाही. तिचा हात त्याच्या पाठीवर गेला आणि सवयीने, दमलेल्या पण ओळखीच्या वाटेने वरून खाली फिरू लागला.

मिस्त्रीने शिडी बगलेत घेतली आणि बाहेर पडताना, गारवा निसटू नये म्हणून, दार हलकेच ओढून घेतलं.