पट्टे, बिनपट्टे आणि कुंकू

आमच्या बोरीवलीच्या गॅलरीत तुळस आणि मी, एवढ्यापुरतीच जागा. तिथे माझ्या मुलाने, हर्षदने, एक फळी आणून उभी केली. फळीखाली उंच दांडा, दांड्याला विमानासारखे पंख. समुद्रात मोठा पतंग तिला ओढतो, वेग आला की फळी पाण्याच्या वर उचलली जाते आणि माणूस अधांतरी चालतो म्हणे. माझी तुळशीची प्रदक्षिणा मात्र त्याच दिवशी अडली. मी काही बोलले नाही. सोमवार होता, सोमवारी माझं मौन असतं.

सूनबाई बोलली. श्रुतिकाला कसलंच व्रत नाही. "दसऱ्यानंतरच्या रविवारी गोराईला सगळ्यांसमोर उभा राहून दाखव. राहिलास तर फळी घरात, नाहीतर विकून टाक."

देवाला मी साकडं घातलं नाही. पण फळी गेली असती तर तुळशीला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात सोसायटीत दोन पंथ झाले. फळीवर पाय अडकवायला पट्टे लावायचे की नाही? सेक्रेटरी सहदेवभाऊजी पट्टेवाले. "पाय बांधलेला बरा, माणूस जागेवर राहतो." तळमजल्यावरची तेजल बिनपट्टेवाली. "काका, पडल्यावर पाय सुटायला नको का? अडकला तर वाट लागेल ना!" गोराईच्या बोटीत दोघंही डोळे मिटून बसतात. तरी ग्रुपवर असा वाद पेटला, की पाण्याच्या टाकीची सफाई पुढे गेली.

मधे दसरा आला. ज्याच्यावर हात चालतो ते सगळं पुजायची आमची रीत. मिक्सर, लॅपटॉप, स्कूटर झाली. फळीला कशी वगळू? तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली.

रविवारी अर्धी सोसायटी किनाऱ्यावर. हर्षद आधी पट्ट्यांशिवाय निघाला. पतंगाने ओढलं, फळी वर आली, आम्ही टाळ्या वाजवणार तोच गडी मधेच वाकला. फळीला हात लावला, हात छातीशी नेला आणि धप्पकन पाण्यात.

"बघा! पट्टे हवेत!" भाऊजींनी पिशवीतून पट्टे काढलेच. लावले. आता पट्ट्यांत पाय घालताना हर्षद दोनदा वाकला, दोनदा नमस्कार केला. फळी उसळली, ह्याचा तोल गेला, पाय मात्र अडकलेला. दोघं मिळून बुडाले. तो लंगडत बाहेर आला.

"मी सांगत होते!" तेजल म्हणाली.

श्रुतिकाने फोन काढला आणि विकायच्या जाहिरातीसाठी फळीचे फोटो घेऊ लागली. हर्षदचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना.

"तू सारखा वाकतोस कशाला रे?"

"आई, पाय लागतो ना! तू पुजलीयस ती. शिकताना कधी असं नाही झालं. आता पाय सरकला आणि कुंकू दिसलं, की हात आपोआप खाली जातो."

पुजलेल्याला पाय लावू नये, हे त्याला मीच शिकवलंय. आता गप्प राहिले असते तर गॅलरी माझी होती. त्या दिवशी मौन नव्हतं, हीच अडचण.

पर्समध्ये अक्षता होत्या. फळीवर वाहिल्या, हात जोडले, उत्तरपूजा केली. पदराने स्वस्तिक पुसलं आणि फळी जराशी सरकवली. "झालं. देव आपल्या जागी गेले. आता ही नुसती फळी."

"आई, नक्की ना?"

"जा रे!"

पट्टे काढून तो निघाला. फळी उचलली गेली, पाय सरकला, हात सरकला नाही. केवढा लांब गेला तो, पाण्याला न शिवता! श्रुतिकाने फोन खाली केला. "राहू दे बाई घरात," ती डोळे पुसत म्हणाली. मागे भाऊजी आणि तेजल पुन्हा भांडत होते. पट्टे आधी लावले होते म्हणूनच पायाला वळण लागलं, असं भाऊजींचं म्हणणं.

फळी गॅलरीतच आहे. आता मी तुळस आणि फळी, दोघींना मिळून प्रदक्षिणा घालते. जागा अपुरी, फळीला पाय लागतोच. मग मी वाकते, हात लावते, छातीशी नेते.

"आई, नुसती फळी ना ती?" श्रुतिका स्वयंपाकघरातून विचारते.

मी उत्तर देत नाही. सोमवार नसला तरी.