बिजलीमायची बहीण

बायको तुलसा गेल्याचे धनलालला आपल्या गावाच्या, कामठ्याच्या वेशीवर कळले. चिचगडहून शेठच्या ट्रकमध्ये मोहाची पोती भरून तो परतत होता. रस्ताभर माणसे, नारळ आणि "जय बिजलीमाय"चा गजर. त्या गर्दीतून धाकटा भाऊ चैनलाल धावत आला.

"दादा, गाडी थांबव. वयनी गेली. सकाळीच."

"काऊन? का झालं?"

"तापच होता. आपल्या मायनं या बिजलीमायच्या बाबाकडे आणलं होतं. देवीनं ताप चाटून घेतला, असं बाबा म्हणे."

ताप चाटून घेतला आणि बाई मेली. तरी बाबापुढची रांग तुटली नव्हती.

पुढे थोड्याच दिवसांत त्याची पोर मंदा तापाने फणफणली. धनलाल फेरीवरून आला तर घराला कडी. त्याची आई रामबाई नातीला मांडीवर घेऊन बाबाच्या मांडवात बसलेली.

"पोर दे, माय. गोंदियाले दवाखान्यात नेतो."

"हात नको लावू! रांगेतून उठवलं का कोप होते. तुलसाच्या वेळीबी तुहा विश्वास नव्हता, म्हणून गेली ते."

गावातला मनिराम आडवा आला. "पोर हलली का साऱ्या गावाले भोगा लागते, धनलाल. गुमान बस."

धनलाल बसला. पोरीचा नंबर जवळ येत होता.

चौथऱ्यावर तांब्याचे दोन त्रिशूळ होते. मोठा म्हणजे बिजलीमाय, लहान म्हणजे तिची बहीण. दोघींच्या टोकांत धानाच्या दाण्याएवढे अंतर. बाबा बसल्या जागी पाय दाबी, चौथऱ्यातून भुंग्यासारखा आवाज येई आणि दोघींमध्ये निळी ठिणगी तडतडे. मग बाबा रोग्याचे बोट मोठ्या त्रिशुळाला लावी. रोगी किंचाळला की रोग निघाला!

"माँ की जीभ है ये!" बाबा गरजला. "डॉक्टरच्या सुईत पानी, माँच्या जिभेत ब्रह्मांड! लेकिन एकच नियम. बहिणीला माँपासून दूर करू नका. माँ भडकली तर गाव जळेल!"

तो भुंगा धनलालच्या ओळखीचा होता. जुन्या मोटारींत लाकडी डब्यातली, ठिणगी पाडणारी कॉइल अशीच गुणगुणे. आणि हा नियमही ओळखीचा होता. गाडी शिकवताना मिस्त्रीने बजावले होते, चालू इंजिनात प्लगची वायर काढून लोंबकळत ठेवायची नाही. ठिणगीला बाहेर उडायला जागा मिळाली नाही तर ती कॉइलच्या आत उडते आणि कॉइल जाते. म्हणजे ही बहीण देवीची नव्हे, डब्याची राखणदार होती. दर शनिवारी देवीचा उपास म्हणून ठिणगी बंद असे, तो उपासही आता त्याला उमगला. त्या दिवशी लाल कपड्यात झाकलेला जड कलश 'स्नानाला' गोंदियाला जाई, आणि तो त्याच्याच ट्रकमधून जाई.

बाबाने मंदाचे बोट धरले. धनलालने कोरडी बांबूची काठी उचलली.

"बाबा, मी बहिणीले माहेरी धाडून राहिलो."

"पापी! गाव जळेल!"

"गाव नाही, तुहा डबा जळेल."

त्याने मंदाला मागे ओढले. बाबा पाय उचलणार तोच, खालची कळ दाबलेलीच राहावी म्हणून त्याच्या पायावर आपला बूट रोवला आणि काठीने लहान त्रिशूळ आडवा केला. बाया किंचाळल्या. भुंगा गुणगुणत राहिला. मग आत कडकडले, जळक्या डांबराचा वास सुटला, धुराची बारीक रेघ निघाली आणि भुंगा बंद पडला. मोठ्या त्रिशुळातून ठिणगी म्हणून निघेना.

धनलालने चौथऱ्याची फरशी सरकवली. खाली मोटारीची बॅटरी, वायरी आणि तडकलेला लाकडी डबा. डब्यातून डांबर गळत होते.

"पाहा मनिरामभाऊ, हे तुमची माय. शनिवारी चार्ज होते."

मनिराम वाकून आत बघू लागला. रामबाईने विचारले, "मंग ताप कोण चाटते?"

"कोनीच नाही, माय."

तिने पोर उचलून त्याच्या हातात दिली. या गडबडीत बाबा मागच्या बांधाने पसार झाला होता. गावाला जाळणारा तो, चपलाही विसरला.

ज्याला हात लावू देत नाहीत, ते आधी तपासा. काठीने का होईना, पण तपासा. आणि ताप आला की डॉक्टर गाठा.

गोंदियाच्या दवाखान्यात मंदा बरी झाली. बाबाने चिचगडला नवी देवी बसवली आहे आणि तिलाही बहीण आहे, असे कळते. तुलसाला दवाखान्यात न्यायचे राहिले, ते राहिलेच. चिचगडची फरशी अजून उचलायची आहे.