खांदा देणारी घरं

लोणावळ्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवतो आणि परीक्षेआधीच्या उजळणीची मला मनापासून किळस येते. वर्षभर शिकवलेलं पोरं धुऊन पुसून येतात. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘गावातल्या सगळ्या विहिरींना पाणी आहे.’ हे खोटं आहे असं म्हणायचं तर काय म्हणाल? सगळा वर्ग एका सुरात, ‘एकाही विहिरीला पाणी नाही!’ अरे, एक कोरडी दाखवली की भागलं. जानेवारीपासून हेच बोंबलतोय मी.

मग रिक्त संच. ज्यात कुणीच नाही, त्यातल्या सगळ्यांबद्दल काहीही म्हणा, ते खरंच ठरतं. “या वर्गातल्या प्रत्येक हत्तीला पंख आहेत. खरं! खोटं पाडायला बिनपंखांचा हत्ती आणणार कुठून?” पोरं खिदळली.

प्रतीक्षा उभी राहिली. ती माझ्याच गावची, बुद्धवस्तीतली. “सर, एक विधान तपासाल? ‘वस्तीतल्या ज्या ज्या घराचा पालखीला खांदा आहे, त्या प्रत्येक घराला गावचा हॉल मिळतो.’”

“वस्तीत अशी घरं किती?”

“एकही नाही. म्हणजे विधान खरंच ना, सर?”

“खरं,” मी म्हणालो, आणि तोंड कडू झालं.

कारण ती अट माझी होती. दोन वर्षांपूर्वी गावानं श्रमदानातून हॉल बांधला. शनिवार-रविवारचे बंगलेवाले तिथं धिंगाणा घालतील, या धास्तीनं कमिटीनं हॉल फक्त गावकऱ्यांना द्यायचं ठरवलं. गावकरी कोण, हे नेमकं लिहायला मला बसवलं. मी ऐटीत लिहिलं: जत्रेत ज्या घराचा पालखीला खांदा असतो, ते घर गावकरी. काय खूश झालो होतो स्वतःवर! वस्तीतली अकरा घरं छप्पन्न साली बौद्ध झाली, तेव्हापासून त्यांनी पालखीला हात लावलेला नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. लिहिताना ती घरं डोक्यातच आली नाहीत, याचीच मला आता शिसारी येते.

प्रतीक्षानं तिच्या वडिलांचा, राजेंद्रभाऊंचा, हॉलसाठीचा नामंजूर होऊन परत आलेला अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. पुढच्या रविवारी तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. खाली कमिटीच्या सेक्रेटरीची, भिमाजीकाकाची सही होती.

कॉलेज सुटल्यावर तडक त्याच्याकडे गेलो. काका ओट्यावर दात कोरत बसला होता.

“आमी कुनाला न्हाई म्हनत न्हाई, कैलास. खांदा द्या, हॉल घ्या. तुजंच लिवलेलं हाय. लय पक्कं लिवलंस बाबा!” दातातला कण त्यानं माझ्या पायाशी थुंकला.

“त्या रविवारी हॉल दिलाय कुणाला?”

“बंगलेवाल्या शेटला. कंपनीची पार्टी हाय त्येची. मागच्या जत्रंत खांदा दिलता की त्येनं. फोटू हाय आपल्याकडं.”

ज्यांना बाहेर ठेवायला अट घातली, ते फोटो काढून आत आले होते. मी म्हणालो, अट बदला. गावच्या मतदारयादीत नाव असलेलं घर गावकरी, असं लिहा. काका म्हणाला, मीटिंग जत्रा झाल्यावर. मग आवाज उतरवून म्हणाला, “राजेंद्रनं मेहरबानीचा इनंती अर्ज द्यावा. शेटला दुसरा दिस देऊ. तुज्या शब्दाखातर.”

आणि मी खुळ्यासारखा हरखून वस्तीकडे धावलो.

राजेंद्रभाऊ आणि प्रतीक्षा लग्नपत्रिकांवर नावं घालत बसले होते. निरोप सांगितल्यावर भाऊंनी पेन खाली ठेवलं.

“सर, त्या हॉलच्या सिमेटच्या गोण्या ह्याच खांद्यावरनं वर न्हेल्यात मी. तवा मेहरबानी कुनी मागितली न्हाई. लग्न आता वडगावला हाय. तुमी या.”

“ती अट मीच लिहिली होती, भाऊ,” मी सांगून टाकलं.

“म्हाईत हाय. पोरीनं सांगितलं.” त्यांनी माझ्या घराची पत्रिका उचलून हातात दिली. “सगळ्या घरानं यायचं.”

नजर लपवायला मी समोरची यादी ओढली. एका वहीत प्रतीक्षाच्या अक्षरात घरांची नावं होती, आळीवार. गणिताच्या माणसाची खोड, मी बोट फिरवत सुटलेलं घर शोधायला लागलो. मला ते हवंच होतं. एक तरी सापडलं असतं, तर थोडं बरं वाटलं असतं.

भिमाजीकाकाचं घर होतं. शेटचा बंगला होता. एकशे बेचाळीस घरं, एकही सुटलं नव्हतं.