उपासात डुकराचं हृदय

ईस्टरआधीचा पन्नास दिवसांचा उपास मी लहानपणापासून कडक पाळते. मासे, मांस, अंडी, दूध, काही नाही. यंदा त्याला स्वतःच्याच डोक्यातून एक व्रत जोडलं: कुणी बोल लावला तरी खुलासा करायचा नाही. खोटे आरोप होत असताना रोमन सुभेदार पिलातासमोर येशू गप्प राहिला, तशी मी.

अडचण अशी की मी प्रयोगशाळेत डुकराची हृदयं धुते. साबणासारखं औषधी पाणी त्यांच्या रक्तवाहिन्यांतून सोडत राहायचं. सगळ्या पेशी वाहून जातात आणि मागे हृदयाच्याच आकाराचा पांढराशुभ्र सांगाडा उरतो. त्यात पुढे रुग्णाच्याच मूळपेशी रुजवायच्या आहेत. हृदय ताजंच लागतं. त्यामुळे उपासाच्या दिवसांत चाक्कुण्णीचेट्टन, म्हणजे चाक्कुण्णीदादा, यांच्या मांसाच्या दुकानात सकाळचं गिऱ्हाईक एकच, मी.

शेजारच्या एलिचेडत्ती, म्हणजे एलिताई, चर्चमधून परतताना मला तिथे बघायच्या.

"त्रेस्या, आज पण?"

मी नुसती हसायचे. हसू साध्वीसारखं दिसावं असा प्रयत्न असे.

मग कानावर आलं, की पेसहाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या, गुरुवारची बिनखमिराची भाकरी यंदा माझ्याकडे नाही, चेडत्तींकडे होणार. आळीतल्या सगळ्या बायका ती आमच्याच चुलीवर करत आल्या होत्या, आई होती तेव्हापासून. मी उपासात मांस खाते म्हणून मला बाजूला टाकलं, असंच मी धरलं. फार लागलं जिवाला. तरी गप्प राहिले. छळ सोसण्यातही एक गोडी असते. त्या आठवड्यात मी आरशात जरा जास्तच पाहिलं.

गुरुवार तोंडावर आला तेव्हा चेडत्ती थेट दुकानात आल्या. "पोरी, याचं करतेस तरी काय?"

मी ओठ मिटले. चाक्कुण्णीचेट्टनच बोलले, "खाते कुठली? धुते. मांसाचा कण उरत नाही तोवर धुते, वेडी. पुढे त्यातून माणसासाठी हृदय करणार म्हणे."

"अगं बाई," चेडत्ती म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुझं रक्त कमी झालंय, डॉक्टरने खायला लावलंय. उपास मोडल्याची लाज वाटत असेल म्हणून कुणी विषय काढला नाही. रोज तुझ्यासाठी जपमाळ चाललीय. भाकरीचे कष्ट नकोत म्हणून तीही मी घेतली."

म्हणजे मला छळायला कुणी आलंच नव्हतं. इतके दिवस मी एकटीच हुतात्मा होऊन बसले होते.

व्रत तिथेच सुटलं. मी सगळा खुलासा केला, पाण्यापासून पेशींपर्यंत. शेवटी हळूच सांगितलं, की माझी तब्येत ठणठणीत आहे, चूलही रिकामी आहे.

"आता पीठ दळून झालं गं," चेडत्ती म्हणाल्या. "तू भांडी घासायला ये. धुण्यात तुझा हात बसलाय."

गेले. भांडी पुष्कळ होती.