शर्यत मी जिंकली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. आयुष्यात माझं जे कौतुक झालं, ते आठवलं तरी अंगाची आग होते.

आधी माझ्यात बाम होता. तो संपल्यावर दिंडोरीजवळच्या सिंधुबाईने मला धुऊन माझ्यात मिसरी भरली. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बाया सकाळी मिसरीने दात घासतात आणि बोट तोंडात ठेवूनच गप्पा मारतात. त्यांच्या लेखी हे व्यसन नाहीच. व्यसन म्हणजे पुरुषांची दारू!

सिंधुबाईची थोरली निकिता लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. तालुक्याच्या पहिल्या शर्यतीला निघताना ती घाबरून उंबऱ्यातच बसली. आईने मायेने मला पुढे केलं.

"लाव एवढीशी. भ्या पळून जातं."

निकिता पहिली आली. सिंधुबाईने मला चक्क देवाशेजारी ठेवलं. "हिच्यामुळं जिकली पोरगी," म्हणाली. अरे, मी धावले होते का? रोज पहाटे थंडीत बागेच्या बांधाने कोण पळत होतं?

पण निकितालाही ते पटलं. मग प्रत्येक शर्यतीआधी मी, पुढे सरावाआधी, नंतर शाळेतसुद्धा. हिरड्या सोलल्या, तिला लवकर धाप लागू लागली. भीती तर गेलीच नाही. उलट, डबी हरवली तर काय, ही आणखी एक भीती मागे लागली.

राज्याच्या संघाची निवड नाशिकला होती. निवड झाली की वसतिगृह, शिक्षण, सगळं मिळणार होतं. तिथे तिचे प्रशिक्षक योगेश सर यांना मी तिच्या पिशवीत सापडले. त्यांनी मला खिशात टाकलं.

"हिच्याशिवाय पळ, निकिता."

ती रेषेवर उभी राहिली. सरांच्या खिशाकडे पाहिलं आणि मैदानाबाहेर निघून गेली. बाकीच्या मुली धावल्या. मला ओरडताही येत नव्हतं. चांगले धडधाकट पाय होते तिचे!

सरांनी मला सिंधुबाईपुढे आणून आपटलं. तिला काही कळलं का? "डबी काढून घेतली म्हणून पोरगी हुकली," असं ती बागेत सांगत फिरली.

यंदा धाकटी सायली तालुक्याला धावणार होती. निघताना तीही उंबऱ्यातच बसली आणि सिंधुबाईने पुन्हा मला उघडलं. निकिताने मला मध्येच हिसकावून घेतलं आणि मोरीत रिकामं केलं.

"ताई, लय भ्या वाटतंय," सायली रडवेली झाली.

"वाटू दे. मलाबी वाटायचं. भीत भीत पळ."

सायली तशीच गेली. कितवी आली, मला ठाऊक नाही. निकिताने मला उकिरड्यावर फेकलं, तेव्हापासून मी तिथेच गंजत पडले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला नेहमी सांगतात. मला जपू नका. कुठे दिसले तर उचलू नका, आणि खुद्द आईने प्रेमाने पुढे केलं तरी नाही म्हणा.