जावईबापूंची ऑफर

वसुलीवाल्याला जावईबापू म्हणायला सुरुवात केली ती सासूबाईंनी. तो नेमका जेवणाच्या वेळी फोन करायचा, आधी घरातल्या सगळ्यांची तब्येत विचारायचा, आवाज कधी चढवायचा नाही, आणि त्यानं फोन ठेवला की कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. "असा माणूस जावईच असतो," म्हातारी म्हणाली, आणि ते नाव त्याला चिकटलं.

त्या सोमवारी जावईबापू नेहमीपेक्षाही गोड बोलले.

"ताई, चांगली बातमी आहे. तुमचं खातं कंपनीनं सेटलमेंटला काढलंय. जेवढं येणं आहे त्याच्या निम्म्याहूनही कमी भरा. एकरकमी, शनिवारी दुपारपर्यंत. खातं बंद. मग मी तुम्हाला आयुष्यात फोन करणार नाही."

"विचार करून सांगते," थोरली म्हणाली.

"करा ना, अवश्य करा. पण अशी ऑफर परत येत नाही हं. आईंचा गुडघा कसा आहे?"

गुडघा बरा आहे असं सांगून थोरलीनं फोन ठेवला आणि ताटावरून उठली.

थोरली आणि धाकटी दोघी सख्ख्या जावा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पदरी मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं मागं ठेवलेली लाँड्री तिनं सोडली नाही, आणि धाकटी लग्न होऊन घरात आली ती दुसऱ्याच आठवड्यात पदर खोचून इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. पुढं एका मोठ्या हॉटेलच्या चादरी मिळाल्या. तेव्हा दोघींनी सह्या करून कर्ज काढलं आणि चादरी दाबून कडक करणारं रोलरचं मशीन घेतलं. हॉटेल चाललं तोवर हप्ते चालले. हॉटेलला टाळं लागलं आणि हप्त्यांनी मान टाकली. ज्या कंपनीनं कर्ज दिलं तिनं ते वसुलीवाल्यांना विकून टाकलं, आणि घराला जावई मिळाला.

यातली चमत्कारिक गोष्ट अशी की या वेळी पैसे होते. थोरलीची बँकेतली ठेव नुकतीच मुदत संपून हाती आली होती, आणि दिरानं, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, पाठवलेले होते. त्याला गेल्या वर्षी दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. दोन खोल्या भाड्यानं घेऊन तो एकटाच राहत होता. धाकटी गेली नव्हती. "कर्जावर माझी सही आहे," ती तेव्हा म्हणाली होती, "ताईंच्या एकटीच्या गळ्यात धोंड अडकवून मी कशी जाऊ?" एकदाच म्हणाली. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मंगळवारी दवाखान्याच्या चादरी आल्या. घडी घालायला दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. टोकं धरायची, ताणायची, झटका द्यायचा, मग चार पावलं पुढं येऊन एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. इतक्या वर्षांत हे काम त्यांना बघून करावं लागत नव्हतं.

"मग काय ठरवलंत, ताई?" धाकटीनं टोकं देताना विचारलं.

"मला ते पटत नाही."

"काय पटत नाही?"

"घेताना पुरते घेतले, आणि देताना निम्मे? माझा शब्द होता तो. थोडे थोडे करून फेडू, पण पुरते फेडू."

"अहो, ज्यानं दिले त्यानं ते कधीच कवडीमोलानं विकले."

"त्यांनी विकले म्हणून आपला शब्दही विकला जातो का?"

हे बोलणारी बाई तोंडदेखलं बोलणारी नव्हती. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेलं नाणंसुद्धा ती कागदाच्या पुडीत बांधून कपड्यांबरोबर परत द्यायची. रोज पहाटे देवापुढं बसून आपल्या हातून कुणाचं काही राहू नये एवढंच मागायची. अशा बाईशी शब्दाच्या गोष्टीवर वाद कसा घालायचा? धाकटीनं पुढची चादर उचलली आणि जरा जोरातच झटकली.

थोरली जिंकली होती, पण जिंकल्यासारखं तिला वाटेना. दुपारी तिनं एका शर्टाची कॉलर पिवळी होईस्तोवर इस्त्री टेकवून ठेवली. मग पांढऱ्या कपड्यांत एक रंगीत मोजा गेला. बुधवारी एका मास्तरणीच्या साडीवर डागाचं औषध लावून ती विसरली, आणि डागाच्या जागी भोक पडलं. मास्तरणीला नवी साडी घेऊन देते म्हणाली तर ती बिचारी उलट हिचीच समजूत घालत बसली. बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर कशाला उठलो ते आठवायचं नाही. जावईबापूंचा फोन वाजला की ती कपडे मोजायचं निमित्त करून मागच्या बाजूला जायची. पहाटे देवापुढं बसली तरी ओठ हलत राहायचे आणि मन शनिवारभोवती घिरट्या घालायचं.

सासूबाई काउंटरमागं खुर्चीत बसून तुटलेली बटणं लावायच्या. कामापुरतं दिसायचं त्यांना, पण बाकीचं जरा जास्तच दिसायचं.

"एक विचारू?" गुरुवारी त्या म्हणाल्या.

"विचारा की."

"तुझ्या शब्दाचं एवढं होतं, तर हप्ते थकले तेव्हा रात्री निवांत झोपलीस कशी?"

"आई, तेव्हा पैसे नव्हते."

"आणि आता आहेत. म्हणजे पैसे नव्हते तेव्हा तुझं चित्त ठिकाणावर होतं, आणि आले तेव्हा साड्यांना भोकं पडायला लागली." म्हातारीनं दातानं दोरा तोडला. "मला काय कळतंय म्हणा. मी आपली बटणं लावते."

ते बोलणं चपलेत शिरलेल्या खड्यासारखं दिवसभर थोरलीला टोचत राहिलं.

शुक्रवारी जेवणाच्या वेळी फोन आला. धाकटी बॉयलरपाशी होती. सासूबाईंनी फोन उचलून सरळ थोरलीच्या कानाला लावला.

"ताई, अभिनंदन," जावईबापू म्हणाले. "योग्य निर्णय घेतलात."

"कसला निर्णय?"

"टोकन जमा झालं ना काल. म्हणजे ऑफर तुम्ही मान्य केलीत. आता राहिलेले उद्या दुपारपर्यंत येऊ द्या. नाही आले तर मात्र टोकन व्याजात जाईल आणि पूर्ण रक्कम पुन्हा उभी राहील. माझ्या हातात नाही ते. जेवण झालं का?"

थोरलीनं फोन ठेवला आणि धाकटीला हाक मारली. ती हात पुसत आली, आणि जावेचा चेहरा बघून दारातच थबकली.

"तू पैसे भरलेस?"

"तारीख धरून ठेवली फक्त."

"कसली तारीख?"

"आपल्याकडं पडद्यांच्या मोठ्या ऑर्डरीला लोक थोडा अ‍ॅडव्हान्स देतात ना, तसं. तुमचं ठरेपर्यंत शनिवार हातचा जाऊ नये म्हणून. नको म्हणालात तर परत मागितले असते." ती एकेक शब्द जपून बोलत होती. "आपण नाही का परत देत? कपडे पाण्यात पडेपर्यंत कुणी नको म्हणालं तर पुरते परत देतो."

"ते आपण देतो. सगळी दुनिया लाँड्री आहे का?"

मूर्खपणा झाला हे धाकटीला कळलं होतं, आणि तो कुठून आला तेही. आयुष्यभर तिनं अ‍ॅडव्हान्स घेतला होता तो एकाच दुकानात, आणि त्या दुकानाचे नियम या समोर उभ्या असलेल्या बाईनं घातलेले होते.

थोरलीला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण आठवडाभराचं सगळं एकदम वर आलं.

"तुला इतकी जायची घाई झालीय?"

बोलून गेली, आणि मग आपलेच शब्द तिला ऐकू आले. शब्दाची, सचोटीची गोष्ट चालली होती. जाण्याचं कुणी काढलंच नव्हतं.

सासूबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि मान वर केली नाही.

"घाई नाही, ताई," धाकटी हळू म्हणाली. "पण तिकडं ते एकटे बसून जेवतात, इकडं मी त्यांच्या वाटेकडं डोळे लावून जेवते. हे किती दिवस चालवायचं? आणि राहायचं तर मी तुमच्यासाठी राहीन हो. तसं सांगा, राहते. पण कर्ज आहे म्हणून राहिले असं झालं, तर एखाद दिवशी मला तुमचा राग येईल. मला तो यायला नको आहे."

एवढं बोलून ती बॉयलरकडं परत गेली. थोरली चपला घालून बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. पानवाल्यानं "काय वहिनी, काही हरवलं का?" असं विचारलं तेव्हा ती ओशाळली. हरवलं नव्हतं, सापडलं होतं, आणि ते कुठं ठेवावं ते तिला कळत नव्हतं. कर्ज फिटलं की धाकटी जाणार, एवढी साधी गोष्ट होती. ती गोष्ट तिनं सचोटीच्या कापडात गुंडाळली होती. घडी इतकी नीट बसली होती की आत काय आहे ते तिचं तिलाही दिसू नये. याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं. भीती वाटणं काही पाप नाही. पण पहाटे देवापुढं बसून ती त्यालाही हीच घडी दाखवत आली होती.

शनिवारी सकाळी, जावईबापूंच्या वेळेच्या बऱ्याच आधी, तिनं स्वतःच फोन लावला.

"पैसे भरते," ती म्हणाली. "आधी पत्र पाठवा. किती रकमेत मिटलं, टोकन त्यात धरलंय, आणि यापुढं काही येणं नाही, असं."

"ताई, पद्धत अशी आहे की आधी भरणा, मग पत्र."

"आमची पद्धत अशी आहे की पावती दिल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा ठेवून घेत नाही."

"तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे. तुम्ही तब्येत विचारता. कंपनीनं कधी विचारली नाही."

पलीकडून पहिल्यांदाच खराखुरा हसल्याचा आवाज आला. तासाभरात पत्र फोनवर आलं. धाकटी मागं कपडे पिळत होती. थोरलीनं चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटानं सरकवत वाचली. रक्कम बरोबर होती. टोकन धरलेलं होतं. खातं बंद, येणं काही नाही, सगळं होतं. नाव मात्र एकच होतं, तिचं. दुसऱ्या सहीचा कुठं उल्लेखच नव्हता.

तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. धाकटी हे वाचणार नव्हती. ताईंनी बघितलं म्हणजे बघितलं, असंच ती म्हणाली असती. पुढं कधीतरी कुणीतरी त्या दुसऱ्या सहीवरून फोन केला असता, धाकटीचा पाय पुन्हा इथं अडकला असता, आणि दोष कंपनीला गेला असता. थोरली फोन हातात धरून बसून राहिली. समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, सासूबाईंनी त्याचे कपडे दिले, पैसे घेतले, आणि ते गेलंसुद्धा.

मग तिनं फोन लावला.

"पत्र चुकलंय. कर्जावर सह्या दोन आहेत, माझ्या जावेचंही नाव घाला."

"मुख्य कर्जदार तुम्हीच ना, ताई? तुमचं सुटलं म्हणजे..."

"तिचं आधी घाला. मग माझं."

दुसरं पत्र आलं ते दुपार टळायच्या बेताला. दोन्ही नावं होती. थोरलीनं पैसे भरले, आणि जमा झाल्याचा निरोप आला तसा तो सासूबाईंना वाचून दाखवला.

"चला," म्हातारी म्हणाली, "आता गुडघ्याची चौकशी करणारं कुणी राहिलं नाही."

धाकटी ओल्या हातांनीच पुढं आली होती.

"भाऊजींना कळव," थोरली म्हणाली. "आणि निघायचं कधी ते ठरव. मला बाई शोधायला लागेल."

"आज लगेच कशाला, ताई?"

"आज बोलले नाही तर उद्या मला दुसरं एखादं कारण सापडेल. मी कारणं फार चांगली शोधते."

धाकटीनं पदराला हात पुसले. कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

"महिनाअखेर," ती म्हणाली.

महिनाअखेरीला शाळेच्या पडद्यांची मोठी ऑर्डर होती, एकटीला उरकणारी नव्हती. ते थोरलीच्या अगदी ओठांवर आलं.

"बरं," ती म्हणाली, आणि इस्त्री तापायला लावली.