दोन इंच माया

पोट आत ओढू नका. श्वास सोडा, हात सैल ठेवा. मी शिंप्याची मोजपट्टी बोलतेय. तुमची कंबर तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, तेव्हा माझ्यापुढे ऐट करण्यात काही अर्थ नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक पिवळ्या पट्टीवर एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर छापले, साठ इंचांवर कचकन कापलं, टोकांना पितळी टोप्या ठोकल्या, की झाले मी. मग आम्ही बारा बहिणी एका पाकिटात बसून सुया-दोऱ्यांच्या दुकानात आलो. तिथे एक धिप्पाड गृहस्थ आले. त्यांनी मला आपल्या लाकडी पट्टीशेजारी धरून दोनदा ताडून पाहिलं, "बरोबर आहे" म्हणाले आणि गळ्यात टाकलं. ते आमचे मास्तर. मापाच्या बाबतीत महाकाटेकोर माणूस.

मास्तरांचं दुकान रस्त्याला लागून होतं. एक कटिंगचं टेबल, एक पायमशीन, एक आरसा. बाजूच्या जिन्याने सतरा पायऱ्या चढलं की त्यांची राहती खोली. त्या एका खोलीत मास्तर, त्यांची लेक, जावई आणि नात. लेक जवळच्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात कामाला, जावई लिफ्ट दुरुस्त करणारे. नातीला सगळे गुंडी म्हणत, कारण रांगायला लागल्यावर तिने पहिल्यांदा तोंडात काय घातलं असेल तर शर्टाची गुंडी. खोलीत गाद्या घातल्या की दार उघडत नसे, म्हणून गुंडीची गादी टेबलाखाली आणि अभ्यास खाली दुकानात, तोही कटिंगच्या टेबलाखालीच.

मास्तरांच्या गळ्यात राहून मी माणसं पुष्कळ पाहिली. "जरा सैलच ठेवा" म्हणणाऱ्याचं पोट महिन्याभरात हमखास सुटायचं, आणि "मी बारीक होणार आहे" म्हणणारा पुढच्या वर्षी तोच कपडा उसवून घ्यायला यायचा. मास्तर कुणालाच हसायचे नाहीत. ते आधीच माया ठेवून मोकळे झालेले असत.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून ते दिसत नाही, पण अंग भरलं, उंची वाढली की तेच सोडवून कपडा मोठा करता येतो. बाकीचे शिंपी अर्धा इंच ठेवून हात झटकत. मुलांच्या कपड्यांना मास्तर दोन इंच ठेवत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "पोरगं वाढणार आहे की नाही? मग असू द्या की." गुंडीचा एक फ्रॉक तीन वर्षं असा खाली खाली येत गेला.

"आजोबा, किती ठेवलीय?" ती नवा फ्रॉक उलटा करून विचारायची.

"दोन इंच माया," मास्तर म्हणायचे, आणि ती दोन बोटं दुमडीत घालून खात्री करून घ्यायची.

मग एके दिवशी जावई उपनगरातलं एक घर पाहून आले आणि घरात नवीनच विषय निघाला. शहर संपतं तिथून पुढे आणखी एक बस. इथल्या एका खोलीच्या भाड्यात तिथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायला गॅलरी. जाण्यायेण्यात मात्र रोजचे तीन तास. लेक आणि जावई कटिंगच्या टेबलाशी उभे राहून मापाच्या वहीत मागच्या पानावर दोन रकाने पाडत. इकडे दवाखाना चालत, शाळा जवळ, सगळी ओळखीची माणसं. तिकडे उजेड, हवा, गुंडीला हातपाय हलवायला जागा. रकाने भरत, खोडले जात, पुन्हा भरत. दोन महिने हेच चाललं होतं.

शेवटी लेक पेन खाली ठेवायची. "आणि बाबांचं काय?"

"बाबा येतील की आपल्याबरोबर."

"मशीन सोडून बाबा एक दिवस तरी राहिलेत का?"

"मग मशीनही नेऊ."

"बसेल तिथे?"

इथे गाडी अडायची. मास्तर कात्री चालवत राहायचे आणि ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांना सगळं ऐकू यायचं.

तिकडच्या घरमालकाने निरोप धाडला, रविवारी काय ते सांगा, नाहीतर दुसरं माणूस तयार आहे. शनिवारी मास्तरांनी मशीनला तेल दिलं, पट्टा पुसला, बॉबिनी मोजून डब्यात भरल्या. शेजारच्या इस्त्रीवाल्यांना म्हणाले, "उद्या घर बघायला जातोय. मशीन बसलं तर मीपण सुटलो बघा. पोरीच्या हातचं गरम खाईन आणि खिडकीत बसून शिवीन."

"आणि आमची बटणं कोण लावणार?"

"या की दोन बस बदलून."

दोघंही हसले. मास्तरांना जायचं होतं. हे मी त्यांच्या गळ्यात राहून सांगतेय. नंतर कुणी काहीही समजो, त्यांना जायचं होतं.

ते घर रिकामं होतं आणि बोललेलं सगळं घुमत होतं. आतली खोली लहान, पण खिडकी मोठी. गुंडी पळत आत गेली आणि जमिनीवर उताणी पडली. दोन्ही हात पसरले, पाय पसरले. कशालाच लागले नाहीत. नऊ वर्षांच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच असं झालं असावं, कारण ती हसायलाच लागली. "आई, इथे माझा पलंग! रोज गुंडाळायचा नाही, काही नाही. आणि शेजारी आजोबांचं मशीन."

तीन भिंती दार, खिडकी आणि कपाटाने खाल्लेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात तर प्रश्नच नव्हता. उरली ही एक भिंत. पलंगाला बहात्तर इंच, टेबलासकट मशीनला चव्वेचाळीस. एकशे सोळा इंच हवे होते.

मास्तर गुडघ्यावर बसले. मी साठ इंचांची, म्हणून मला दोनदा लावावं लागलं. पहिले साठ संपले तिथे त्यांनी भिंतीवर खडूची रेघ मारली आणि रेघेपासून मला पुन्हा ताणलं. अठ्ठावन्न! साठ आणि अठ्ठावन्न, एकशे अठरा. बसत होतं. दोन इंच उरत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं.

मास्तरांचा अंगठा माझ्या अठ्ठावन्नवर होता. त्यांनी मान वळवून गुंडीकडे पाहिलं. ती अजून तशीच पडली होती. पलंग, मशीन, कापडाचे गठ्ठे, चिंध्यांचं बोचकं, आणि मधे पोरीला जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. पुन्हा तेच टेबलाखालचं घर. ही रिकामी खोली त्यांना भरलेली दिसली. मग त्यांचा अंगठा हळूच सरकला.

"चोपन्न," ते म्हणाले. "साठ आणि चोपन्न. दोन इंच कमी पडतात."

जावयांनी वहीत एकशे चौदा लिहून घेतलं.

"नीट बघा ना, बाबा," लेक म्हणाली.

"अगं, जन्म गेला माझा यात."

"मग पलंग आखूड करून घेऊ."

"वाढत्या अंगाला आखूड कापतात का कुणी?"

जावई चाचरत म्हणाले, "बाबा, नाहीतर मशीन... म्हणजे आता तुमचं वयही झालंय..."

"मग मी इथे काय करू, जावईबापू? दारावरची घंटा होऊन बसू?" मास्तरांनी मला गुंडाळलं. "तुम्ही या इथे राहायला. माझी गिऱ्हाइकं तिकडे, मी तिकडेच बरा. रविवारी येत जाईन की."

लेक रडली नाही. तिने ओठ आत घेतले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. बापाला आपल्यासोबत राहायचंच नाही, असं तिला वाटलं. मला ते दिसत होतं. पण मी पडले मापाची वस्तू. वाचणाऱ्याने खोटं वाचलं तर मी काय करणार?

ते तिघं तिकडे राहायला गेले. पहिले काही महिने मास्तर दर रविवारी दोन बस बदलून जात. गुंडीला भिंतीला उभी करून माप घेत आणि "अर्धा इंच!" असं मोठ्याने जाहीर करत. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, मग एक रविवार सोडून एक, मग महिन्यातून एकदा. लेक कामावरून सुटली की दहा मिनिटं डोकवायची, चहा उभ्यानेच घ्यायची. एक बस चुकली की दुसरी पाऊण तासाने, म्हणून मग नुसता दारातून हात हलवायची. पुढे बस दुसऱ्या रस्त्याने सुटायला लागली आणि ती गल्लीत वळेनाशी झाली. दोष तिचा नव्हता. रोजचे ते तीन तास तिच्या अंगातून काहीतरी काढून घेत होते.

एका दुपारी मास्तरांनी आरशासमोर उभं राहून मला स्वतःच्या छातीभोवती लावलं. बेचाळीस इंचांचा माणूस सदतीसवर आला होता. त्यांनी आकडा वहीत लिहिला नाही. आपले शर्ट आणि पँट उसवले आणि मापाने आत घेतले. कपडे अंगाला चपखल बसत, म्हणून अंग आटलेलं कुणाला दिसलंच नाही. दोन महिन्यांनी पस्तीस. पुन्हा शर्ट आत घेतले. स्वतःच्या कपड्यांत त्यांनी कधी माया ठेवली नव्हती. मी त्यांच्या गळ्यात होते आणि गळ्याची हाडं मला रोज आणखी टोचत होती. कुणाला सांगणार होते मी?

एका सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावरच राहिलं. इस्त्रीवाल्यांनी वाकून पाहिलं आणि लेकीला फोन केला. एरवी त्या वेळी ती दवाखान्यात असायची, दोन गल्ल्या पलीकडे. त्या दिवशी नेमकी तिची सुट्टी होती. आधी सतरा पायऱ्यांवर असायची ती लेक दोन बस बदलून आली, तेव्हा मास्तरांना जाऊन तास उलटला होता. तिने मला त्यांच्या गळ्यातून काढलं आणि मुठीत घट्ट धरून ठेवलं. माझ्या एका टोकाची पितळी टोपी तेव्हापासून वाकडी आहे.

मशीन आणि मी शेवटी त्या घरी आलो, मास्तरांशिवाय. मशीन बरेच दिवस गॅलरीत उभं होतं. एका सुट्टीच्या सकाळी गुंडी म्हणाली, "आई, ते आत घेऊया ना. गंजायला लागलंय."

"बसत नाही तिथे. आजोबांनी मोजलंय."

"पण परत मोजायला काय जातंय?"

लेक गुडघ्यावर बसली. खडूची रेघ अजून होती, पुसट झालेली. तिने मला रेघेपासून ताणलं. अठ्ठावन्न. पुन्हा लावलं. अठ्ठावन्न. तिसऱ्यांदाही अठ्ठावन्नच.

"चुकले असतील," जावई म्हणाले.

"बाबा? आणि मापात?" ती तशीच खाली बसून राहिली. "म्हणजे त्यांना यायचंच नव्हतं आपल्याकडे."

नाही गं बाई, नाही. असं मला किती मोठ्याने म्हणायचं होतं!

जावयांनी आणि गुंडीने मशीन ढकलत आणून पलंगाशेजारी लावलं. बसलं. आणि खोली एकदम भरून गेली. गुंडीला कपाट उघडायला पलंगावर चढावं लागलं. मग ती खाली उतरली, वाकली आणि मशीन आणि भिंत यांच्या मधल्या फटीत तिने दोन बोटं घातली, फ्रॉकच्या दुमडीत घालायची तशी.

"आई, दोन इंच उरलेत. आजोबा ठेवायचे ना, तेवढीच माया."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. मग भरून गेलेल्या खोलीकडे. मग मशीनवर डोकं टेकलं आणि "बाबा, अहो बाबा" म्हणत इतकी रडली की गुंडी घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

आता मी मशीनशेजारी खिळ्याला असते. अठ्ठावीस ते बेचाळीसच्या मधले माझे आकडे पुसट झालेत. माणसं बहुतेक तिथेच भरतात. गुंडी अधूनमधून मला काढून आपली उंची बघते आणि "अर्धा इंच!" असं स्वतःलाच सांगते. मी खूप थकलेय. मास्तरांचा गळा मला रोज आठवतो.

तुम्हीही कधीतरी असंच घर बघायला जाल. वहीत रकाने पाडाल, भिंती मोजाल, बसचे तास मोजाल. अवश्य मोजा. पण घरातलं म्हातारं माणूस "माझं काय, मी इथेच बरा" असं म्हणालं, तर ते घाईने लिहून घेऊ नका. त्याच्या अंगठ्याखाली कोणता आकडा आहे, तो आधी एकदा बघा.